एकदा मंगळूर पाहून या : सीमाप्रश्न उच्चाधिकार समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न उच्चाधिकार समिती,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : न्यायालयातील दावा चालू असतानाच सीमाभागातील रुग्ण, प्रवासी आणि मच्छीमार यांच्यासाठी शेजारी राज्यांशी लेखी करार करण्याबाबत.

महोदय,

मी मूळचा गडहिंग्लज भागातला असून गेली बरीच वर्षे नोकरीच्या निमित्ताने मंगळुरात राहतो. सीमाप्रश्न आमच्याकडे घरोघरी बोलला जातो, त्यामुळे त्याची ओळख मला कोणी करून द्यावी लागली नाही. मात्र याच प्रश्नाला दक्षिणेकडे दुसरे टोक आहे, हे इथे आल्यावरच ध्यानात आले. माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांच्या आयोगाचा १९६७ चा अहवाल आपल्याला ठाऊक आहे तो बेळगाव, निपाणी, खानापूर यांच्यापुरता. बेळगाव शहर कर्नाटकातच राहावे असे त्यात म्हटल्यामुळे महाराष्ट्राने तो फेटाळला. त्याच अहवालात कासरगोडबद्दलही शिफारस आहे : चंद्रगिरी नदीच्या उत्तरेकडचा भाग केरळकडून काढून तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा. ती केरळने फेटाळली. म्हणजे महाजन अहवाल हाच अंतिम शब्द, असे जे कर्नाटक आपल्याला सांगते तेच ते केरळलाही सांगते, आणि केरळ देते ते उत्तर आपल्या उत्तराहून फारसे वेगळे नाही.

या दुसऱ्या वादाच्या काठावर मंगळूर वसले आहे आणि झपाट्याने वाढते आहे. शहराच्या मध्यावरच्या हंपनकट्ट्यापासून केरळची हद्द सुरू होते ते तलपाडी हे गाव जेमतेम पंधरा-सतरा किलोमीटरवर आहे. समितीपुढे बेळगावची, कारवारची, भालकीची कागदपत्रे असतात, ती असलीच पाहिजेत. पण ज्या शहराची बरीचशी कमाई आणि वर्दळ शेजारच्या राज्यातून येते, त्या शहरात सीमा नेमकी कशी चालते आणि कुठे अडते, हे समितीने स्वतः येऊन पाहावे, अशी माझी विनंती आहे. त्यामागची कारणे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुळात ही सीमा फार जुनी नाही. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर कानडा प्रांत इंग्रजांकडे आला, पुढे त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि १८६२ मध्ये उत्तर कानडा, म्हणजे कारवारचा जिल्हा, मुंबई इलाख्यात आला. दक्षिण कानडा मद्रासकडेच राहिला. त्याचे मुख्य ठिकाण मंगळूर आणि कासरगोड हा त्याचा एक तालुका. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली तेव्हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि कासरगोड तालुका केरळात. एका रात्रीत तालुका एका राज्यात आणि त्याचे कचेरी-बाजाराचे गाव दुसऱ्या राज्यात, अशी अवस्था झाली. चंदगड आणि बेळगाव यांचा संबंध ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. मंजेश्वरचे गोविंद पै हे कन्नडचे राष्ट्रकवी, घरची भाषा कोंकणी, आणि त्यांचे गाव आज केरळात आहे.

आता शहराविषयी. नेत्रावती आणि फल्गुनी (तिला गुरुपुरा नदीही म्हणतात) या दोन नद्यांच्या मध्ये हे शहर पसरले आहे, आणि दोघी एकाच मुखाने समुद्राला मिळतात. २०११ च्या जनगणनेत उपनगरांसह लोकसंख्या सुमारे सव्वासहा लाख होती, त्यानंतर शहर आणखी फुगले आहे. गावात तुळू सर्वत्र चालते, पण ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. गौड सारस्वत आणि ख्रिस्ती यांची कोंकणी आहे, आणि त्या दोन कोंकणींत फरक आहे. बंदर भागातल्या मुसलमानांची ब्यारी भाषा निराळी, कचेरीची भाषा कन्नड, आणि दक्षिणेकडून येणाऱ्यांची मल्याळम. जिल्ह्यात २०११ मध्ये सुमारे ६७ टक्के हिंदू, २४ टक्के मुसलमान आणि ८ टक्के ख्रिस्ती होते.

गोव्यातून पोर्तुगिजांच्या काळात निघालेली सारस्वत घराणी इथे आली, त्यांच्या मागोमाग गोव्याचेच ख्रिस्ती आले. त्या ख्रिस्ती समाजाला १७८४ मध्ये टिपूने श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले, आणि उरलेले परत आले ते त्याच्या मृत्यूनंतर. कुद्रोळीचे गोकर्णनाथेश्वराचे मंदिर १९१२ मध्ये बिल्लव समाजासाठी उभे राहिले ते केरळच्या नारायण गुरूंच्या हातून, आणि आज मंगळूरचा दसरा म्हणजे याच मंदिराचा दसरा. शहराच्या एका मोठ्या समाजाचे श्रद्धास्थान असे सीमेपलीकडून आले, आणि कोणाला त्यात काही खटकत नाही.

महाराष्ट्राचा इथला धागाही लहान नाही. त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थानंतर नाथपंथी जोगी तिथून पायी निघतात आणि काही महिने चालत मंगळूरच्या कद्री मठात येऊन पोहोचतात. दर बारा वर्षांनी तिथल्या गादीवर नव्या ‘राजा’ची स्थापना होते ती या झुंडीबरोबर आलेल्या जोग्यांतूनच. मागची स्थापना २०१६ मध्ये झाली. २०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थाची तयारी महाराष्ट्र शासन करीत आहे, पण त्या सिंहस्थाचा शेवटचा मुक्काम कर्नाटकाच्या किनाऱ्यावर असतो, हे नियोजनाच्या बैठकांत कोणी बोलत असेल असे वाटत नाही. कद्रीच्या मंजुनाथ मंदिरात लोकेश्वराची पंचधातूची मूर्ती आहे, तिच्यावरच्या लेखात इ.स. ९६८ चा काळ दिला आहे. दक्षिणेतल्या उत्कृष्ट धातुमूर्तींत तिची गणना होते, आणि मुंबईहून येणारे पाहुणे समुद्रकिनारे पाहून तिच्या बाजूने निघून जातात याचे मला नेहमी वाईट वाटते.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या जुन्या घरांवरची मंगलोरी कौले तर सर्वांनाच ठाऊक आहेत. बासेल मिशनचे लोक १८३४ मध्ये इथे आले. त्यांच्यापैकी प्लेब्स्ट नावाच्या धर्मोपदेशकाने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि नदीकाठची चिकणमाती जहाजे भरभरून कौलांच्या रूपाने किनाऱ्याने वर जाऊ लागली. याच मिशनच्या हरमन मोग्लिंग यांनी १ जुलै १८४३ रोजी ‘मंगळूर समाचार’ काढला. कन्नडमधले हे पहिले वृत्तपत्र, आपल्या ‘दर्पण’नंतर अकरा वर्षांनी निघालेले. पुढच्या शतकात या किनाऱ्याने बँका काढल्या. कॅनरा बँक १९०६ ची, कर्नाटक बँक १९२४ ची, विजया बँक १९३१ ची. त्यांतली विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तेव्हा इथल्या लोकांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले होते. नंतर पणंबूरचे मोठे बंदर, खताचा कारखाना, तेलशुद्धीकरण प्रकल्प आणि सुरतकलचे अभियांत्रिकी महाविद्यालय आले. आमच्यासारखी महाराष्ट्रातली कुटुंबे मंगळुरात दिसतात ती बहुतेक या चारांमुळे.

पण आजचे मंगळूर वाढते आहे ते मुख्यतः रुग्णालयांवर आणि महाविद्यालयांवर. सरकारी वेनलॉक रुग्णालय १८४८ पासून आहे, खासगी वैद्यकीय महाविद्यालये आता अर्धा डझनाहून अधिक झाली आहेत, आणि त्यांतली बरीचशी देरळकट्टे या दक्षिणेकडच्या उपनगरात, म्हणजे सीमेच्या अंगाला, उभी राहिली आहेत. शहर ज्या दिशेने पसरते आहे ती दिशाच सांगते की त्याचे गिऱ्हाईक कोणत्या बाजूने येते. कासरगोडहून मंगळूर पन्नासेक किलोमीटर पडते आणि केरळमधले परियारमचे वैद्यकीय महाविद्यालय त्याहून कितीतरी लांब. कासरगोड जिल्ह्याचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय उक्किनडक्याला मंजूर झाले, २०१३ मध्ये त्याची कोनशिला बसली आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. तोवर हृदयविकाराचा झटका आला, बाळंतपण अडले, मूत्रपिंडाचा विकार बळावला की गाडी उत्तरेकडे वळते. राज्य कोणते याचा विचार त्या घडीला कोणाच्या मनात येत नाही.

इथल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात सकाळी केस पेपर काढण्याच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभे राहावे. मंजेश्वरकडून आलेली बाई नवऱ्याशी मल्याळममध्ये बोलते, खिडकीतल्या मुलीशी तुळूत, आणि अर्ज कन्नडमध्ये भरते. मागे उभे असलेले ब्यारी आजोबा तिला कोणत्या मजल्यावर जायचे ते सांगतात. खिडकीतली मुलगी दर माणसागणिक भाषा बदलते आणि त्यात तिला काही विशेष केल्यासारखे वाटत नाही. औषधाच्या दुकानातही तेच. या गर्दीत सीमा दिसते ती एकाच ठिकाणी : विमा योजनेचे कार्ड पुढे केले की. केरळचे कार्ड असेल तर पुढचा प्रश्न येतो, हे रुग्णालय त्या राज्याच्या यादीत आहे का. असले तर ठीक, नसले तर नातेवाईक बाजूला जाऊन फोन लावू लागतात.

आता मार्च २०२० कडे वळतो, कारण समितीने मंगळूरचा अभ्यास करावा असे मला ज्या एका गोष्टीमुळे वाटते ती तेव्हा घडली. कासरगोडात करोनाचे रुग्ण वाढल्याबरोबर कर्नाटकाने तलपाडीचा रस्ता आणि इतर सीमारस्ते बंद केले, काही ठिकाणी तर मातीचे ढिगारे टाकून. ज्या रुग्णवाहिका रोज त्या रस्त्याने येत त्या अडवल्या गेल्या आणि काही रुग्ण वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावले. केरळ उच्च न्यायालयाने १ एप्रिल रोजी केंद्र सरकारला रस्ता मोकळा करून देण्यास सांगितले, कर्नाटक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ७ एप्रिल रोजी दोन्ही राज्यांत कार्यपद्धती ठरल्याचे न्यायालयाला सांगण्यात आले : करोना नसलेल्या तातडीच्या रुग्णांना तपासणी करून तलपाडीहून सोडावे. ही कार्यपद्धती काही पानांची होती. ती आदल्या साठ-चौसष्ट वर्षांत कधीही लिहिता आली असती. ती लिहिली गेली नाही, कारण तिची गरज आहे असे कोणाला वाटलेच नाही, रस्ता तर चालूच होता.

कर्नाटकाच्या त्या निर्णयामागे साथीची भीती होती, ती खोटी नव्हती, आणि त्या दिवसांत अनेक राज्यांनी, अनेक गावांनी असेच केले. तरीही ज्या शहराने कासरगोडच्या पैशावर आणि विश्वासावर रुग्णालये उभारली, त्याच शहराचा दरवाजा त्याच लोकांसाठी बंद झाला, याची सल इथे अजून आहे. मंगळूरच्या डॉक्टरांनाही ती आहे. पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत चाचणीचा अहवाल असल्याशिवाय सोडणार नाही असा नियम आला, तेव्हा रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना पुन्हा तलपाडीवर उभे राहावे लागले. सवयीवर चालणारी सीमा संकटाच्या पहिल्या दिवशी कोसळते, एवढे तरी यातून दिसले.

आपल्याकडे याहून वेगळे काय आहे? चंदगडचा रुग्ण बेळगावला जातो, दोडामार्ग आणि सावंतवाडीचा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. गोव्याने जानेवारी २०१८ पासून बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन झाले, आणि त्यानंतर कुठे दोन्ही सरकारे बोलू लागली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये, आपण दावा सांगतो त्या कर्नाटकातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले. निर्णयामागची भावना मला समजते आणि तिचा मी आदर करतो. पण तो शेजारी राज्याशी बोलून झाला नाही, त्यामुळे कर्नाटकाने त्याला आपल्या हद्दीतली ढवळाढवळ म्हटले, आणि रुग्णाच्या हातात काय पडले हा प्रश्न मागे राहिला. योजना जाहीर करणे आणि रुग्णालयाशी करार होऊन बिल चुकते होणे, यांत मोठे अंतर असते. मंगळूरच्या खिडकीवर ते अंतर मी रोज पाहतो.

रस्त्यांचे आणि गाड्यांचेही समितीने पाहावे. कासरगोड-मंगळूर मार्गावर दोन्ही राज्यांच्या परिवहन महामंडळांच्या गाड्या सारख्या धावतात, आंतरराज्य करारानुसार. दोघांचेही आद्याक्षरी नाव केएसआरटीसी. त्या नावावरून दोन्ही महामंडळे भांडत भांडत थेट मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेली, पण भांडणाच्या एकाही दिवशी त्यासाठी गाडी थांबली नाही. प्रवासी रंगावरून गाडी ओळखतात आणि जी आधी येईल तीत चढतात. याच्या उलट आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ कर्नाटकाच्या कंडक्टरला मारहाण झाली, मग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एका एसटी चालकाच्या तोंडाला काळे फासले गेले, आणि दोन्ही बाजूंच्या एसटी बंद पडल्या. डिसेंबर २०२२ मध्येही तेच झाले होते. अशा वेळी गाडी कोणत्या परिस्थितीत थांबवावी, किती तासांसाठी, आणि परीक्षेला किंवा दवाखान्याला निघालेल्या माणसाचे काय करावे, याचा एकही लेखी नियम दोन्ही राज्यांत नाही, असे अनुभवावरून दिसते.

मंगळूरचे सगळेच आदर्श आहे असे मात्र कृपया समजू नये. केरळने तलपाडीपासून चेंगळापर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग सहापदरी केला. तलपाडी ओलांडून कर्नाटकात शिरले की तोच महामार्ग चौपदरी होतो, टोलनाका लागतो, आणि पुढे नंतूरच्या चौकात गाड्या अडकून पडतात. पंपवेलचा उड्डाणपूल तर दहा वर्षे रखडून २०२० च्या जानेवारीअखेर खुला झाला, तोवर त्याच्यावर इतके विनोद झाले होते की पूल झाला तेव्हा काही लोकांना हळहळ वाटली असावी. रेल्वेचा कारभार त्याहून विचित्र आहे. कोकण रेल्वे शहराबाहेर ठोकूरला संपते. मंगळूर सेंट्रल आणि मंगळूर जंक्शन ही दोन्ही स्थानके दक्षिण रेल्वेच्या पालक्काड विभागात, म्हणजे केरळातल्या कार्यालयाच्या हाताखाली. आणि हासनकडे जाणारा घाटमार्ग नैर्ऋत्य रेल्वेच्या म्हैसूर विभागात. एका शहरात तीन मालक, त्यामुळे नवी गाडी मागायची तर अर्ज कोणाकडे करावा इथून सुरुवात. मुंबईत हॉटेले चालवणाऱ्या शेट्टी मंडळींची आणि इथून मुंबईला नोकरीला गेलेल्यांची मत्स्यगंधा एक्स्प्रेस १९९८ पासून धावते आणि तिची तिकिटे सुटीत मिळत नाहीत ती नाहीतच.

मच्छीमारांचा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नाही असे कोणी म्हणेल, पण सिंधुदुर्गातल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारल्यास तो सीमाप्रश्न समुद्रातच आहे असे सांगेल. मंगळूरच्या जुन्या बंदरात पहाटे धक्क्यावर बांगडा, राणीमासा आणि माकूल यांचे क्रेट उतरतात. बोट मोगवीर या मच्छीमार समाजातल्या कोणाची किंवा ब्यारीची, खलाशी आंध्र, ओडिशा, झारखंडचे, लिलाव तुळूत आणि मल्याळममध्ये, आणि बर्फ घातलेले ट्रक केरळकडे आणि गोव्याकडे रवाना. पावसाळ्यातली मासेमारी-बंदी मात्र राज्यागणिक वेगळी. कर्नाटकात ट्रॉलर १ जूनपासून बांधले जातात, केरळात जूनचा पहिला आठवडा उलटल्यावर. त्या आठ-नऊ दिवसांत एका बाजूची बोट धक्क्याला आणि दुसऱ्या बाजूची समुद्रात, आणि दरवर्षी तंटा. आपल्या मालवण-देवगडच्या पाण्यात मलपेचे वेगवान ट्रॉलर रात्री येऊन मासळी ओढून नेतात, ही आपल्या मच्छीमारांची तक्रार याच जातीची आहे. आपल्या गस्तीनौकेने एखादी बोट पकडून दंड केला म्हणून ती मिटत नाही. बंदीचे दिवस, जाळ्याच्या आसांचा (भोकांचा) आकार आणि पकडलेल्या बोटीचे काय करायचे हे या किनारी राज्यांनी एकत्र बसून ठरवले पाहिजे.

भाषिक अल्पसंख्याकांचा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो. कासरगोडला सात भाषांचे संगमस्थान म्हणतात आणि त्या सातांत मराठी आहे. कऱ्हाडे ब्राह्मणांची घरे आणि ‘मराटी’ म्हणून ओळखला जाणारा शेतकरी समाज या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, मंगळूरच्या बाजूलाही आणि केरळच्या बाजूलाही. त्यांची मराठी आपल्याला चटकन कळत नाही, त्यांना आपली कळते. कासरगोडातल्या कन्नड भाषकांची स्थिती बेळगावातल्या मराठी भाषकांसारखीच आहे. केरळने २०१७ मध्ये शाळांत मल्याळम सक्तीची केली तेव्हा तिथल्या कन्नड शाळांतून आंदोलने झाली, आणि बेंगळुरूच्या वर्तमानपत्रांनी केरळला ऐकवले तेच शब्द बेळगावच्या फलकांबद्दल मुंबईची वर्तमानपत्रे बेंगळुरूला ऐकवत असतात. अल्पसंख्याकांच्या भाषेतले फलक, अर्ज आणि शाळा हे हक्क कर्नाटक कासरगोडात मागते. तेच हक्क ते बेळगावात मराठीला किती देते, हा प्रश्न समितीने न्यायालयाबाहेर, दोन राज्यांच्या बैठकीत, कासरगोडचा दाखला देऊन विचारला तर त्याला उत्तर देणे कर्नाटकाला सोपे जाणार नाही. आपल्या हातात असलेले हे एक चांगले साधन आपण वापरत नाही. अर्थात तोच प्रश्न उलटून आपल्यावरही येईल : जतच्या आणि अक्कलकोटच्या कन्नड शाळांत शिक्षक भरले आहेत का?

या शहराची एक बाजू लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. २००९ च्या जानेवारीत इथल्या एका पबमध्ये मुलींना मारहाण झाली ती दृश्ये देशभर पाहिली गेली. १९ डिसेंबर २०१९ रोजी नागरिकत्व कायद्याविरोधी निदर्शनांत पोलीस गोळीबार होऊन दोघांचा मृत्यू झाला. २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये लागोपाठ झालेल्या हत्यांनंतर राज्य सरकारला जातीय तणाव रोखण्यासाठी वेगळे पोलीस दल उभे करावे लागले. वेगवेगळ्या धर्मांची मुले-मुली एकत्र आइस्क्रीम खायला गेली तरी कोणीतरी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवील ही भीती इथल्या महाविद्यालयीन मुलांना असते. सहा भाषा बोलणारे लोक आपोआप गुण्यागोविंदाने नांदतात असे नाही. माझे निरीक्षण असे की या शहरात भाषेवरून भांडणे जवळपास होत नाहीत, धर्मावरून होतात, आणि दुसरी भांडणे पेटली की पहिल्यातला मोकळेपणाही आक्रसतो, कारण केरळहून आलेला अनोळखी माणूस तेव्हा संशयाचा विषय बनतो. समितीने हे शहर पाहावे ते यासकट.

न्यायालयातला दावा मागे घ्यावा किंवा सौम्य करावा, असे मी सुचवत नाही. तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल आणि जो लागेल तो दोन्ही राज्यांना पाळावा लागेल. पण कर्नाटकाशी कसलाही व्यवहार्य करार केला की आपली बाजू कमकुवत होते, अशी जी समजूत महाराष्ट्रात आहे ती मला पटत नाही. केरळने तलपाडीची कार्यपद्धती मान्य केली म्हणून कासरगोडवरचा कर्नाटकाचा दावा बळकट झाला नाही, आणि कर्नाटकाने ती मान्य केली म्हणून तो सुटलाही नाही. करारात सुरुवातीलाच तसे एक वाक्य घालता येते, वकील मंडळींना ते लिहिण्याची सवय असते.

म्हणून माझे मागणे मर्यादित आहे. समितीने आपल्या पुढच्या बैठकीआधी दोन-तीन सदस्यांना आणि आरोग्य, परिवहन व मत्स्यव्यवसाय खात्यांच्या अधिकाऱ्यांना मंगळूर आणि कासरगोड येथे पाठवावे. दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना भेटून एप्रिल २०२० च्या कार्यपद्धतीची प्रत आणि तिचा पुढे झालेला वापर समजून घ्यावा. वेनलॉकमध्ये आणि एखाद्या खासगी रुग्णालयात परराज्यातल्या रुग्णांची बिले कशी चुकती होतात ते पाहावे, आणि तलपाडीच्या नाक्यावर एक सकाळ उभे राहावे. त्यानंतर बेळगाव-कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग-गोवा या दोन पट्ट्यांसाठी रुग्णवाहिकेचा, एसटीचा आणि विमा योजनेच्या परस्पर मान्यतेचा मसुदा तयार करून तो कर्नाटक आणि गोवा सरकारांना पाठवावा. मासेमारीचा मसुदा त्याहून अवघड आहे, त्यासाठी केरळलाही बोलवावे लागेल, त्यामुळे तो मागाहून आला तरी चालेल. रुग्णवाहिकेचा मात्र येत्या पावसाळ्याआधी व्हावा, कारण घाट बंद पडले की चंदगड तालुक्यातल्या माणसाला बेळगावशिवाय दुसरा रस्ता उरत नाही.

समितीचे कोणी इकडे येणार असतील तर भाषेची अडचण पडणार नाही. मराठी, कन्नड आणि तुळू जाणणारे बरेच जण इथे आहेत, त्यांच्यापैकी काहींशी मी बोलून ठेवले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मंगळूरचा एक मराठी रहिवासी